अर्ध्या अध्यायातून उठलात तेव्हा

अण्णा, गेल्या रविवारी मी चारचौघांत खोटं बोलले, आणि तेही तुमच्या जोरावर. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती तक्रार. स्वभाव बदललेला नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आम्ही दोघं बीडला असतो. कोर्टात अनुवादक म्हणून तीस वर्षं काढली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. कागद पूर्ण वाचल्याशिवाय खाली सही केली नाही, त्यापायी वकिलांशी भांडले, साहेबांशी भांडले, आणि घरी येऊन ह्यांच्याशी. आमच्या कॉलनीत दत्ताचं देऊळ आहे. देवळामागच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांसाठी वाचनालय चालतं, त्याच्या समितीवर मी आहे. मध्यंतरी कॉलनीतले एक गुरुजी वारले. त्यांच्या मुलांनी त्यांची पुस्तकं खोक्यांत भरून आम्हाला दिली. त्यात एक पुस्तक निघालं. नवस, उपास, चमत्कार, साक्षात्कार ह्या सगळ्यांना एकेक करून समोर उभं करतं आणि विचारतं, खरं कशावरून? बस, एवढंच. पण आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त इंजिनियर साहेबांनी, ते मेलेली पाल धरावी तसं दोन बोटांत धरून सभेत आणलं.

"भाविकांनी असलं वाचू नये," ते म्हणाले. "आणि देवळाच्या आवारात तर ठेवूच नये. पुढच्या रविवारी ठराव करू, सगळ्यांनी सह्या करायच्या."

मी विचारलं, "कुणी वाचलंय का हे?"

सात माणसं होती. एकानंही मान वर केली नाही. भजनी मंडळाच्या प्रमुख बाई, चांगल्या आहेत, माझ्या उपवासाला न चुकता केळी पाठवतात, त्या म्हणाल्या, "बाई, आमचं वय झालंय वो. आता ह्या वयात डोक्यात किडा कावून घालायचा?" अध्यक्ष म्हणाले, "ताई, प्रश्न माझा नाही. मी पचवीन. पण ज्याच्याजवळ श्रद्धेशिवाय दुसरा आधारच नाही, त्याचं काय?" मला इतका संताप आला, अण्णा! सत्तरीची माणसं, लेकरंबाळं मार्गी लावलेली, संसारात नको नको ते बघितलेली, आणि ह्यांना दुधाच्या बाटल्या द्यायला निघालेत. म्हटलं, "न वाचता ठराव करणार? माझे वडील उमापूरच्या देवळात वीस वर्षं पोथी वाचत होते. त्यांनी देव नाही म्हणणारं पुस्तक पाटावर बसून, आंघोळ करून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तुम्ही त्यांच्याहून मोठे भक्त का?" मग त्या भजनी मंडळाच्या बाई अगदी भाबडेपणानं म्हणाल्या, "तुमी हे वाचलंच आसंल की मग."

"दोनदा," मी म्हणाले.

अण्णा, मी ते उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "मग झालंच तर. येत्या रविवारी तुम्हीच सांगा त्यात काय आहे. आम्ही तुमचं ऐकून ठरवू." म्हणजे आता पुस्तक राहणार की जाणार ते माझ्या तोंडावर आहे, आणि माझ्या तोंडाचा भरवसा काय तो तुम्ही आत्ता वाचलातच.

तुमचं नाव पुढं केलं, म्हणून तुमची आठवण नीट काढायला हवी. नुसती मिरवायला काढली होती, ती नव्हे.

मी नऊ वर्षांची आहे. श्रावण आहे. देवळात दिवेलागणीला पोथी लागते. तुम्ही वाचणार, शेजारी बसलेले आजोबा अर्थ सांगणार, बाकीची माणसं भिंतीला टेकून हूं हूं करणार. अध्याय अर्धा सोडून उठायचं नाही हा रिवाज, आणि तुम्ही रिवाजाचे पक्के. घरी धाकटी बहीण तीन दिवस तापानं फणफणलेली, त्या संध्याकाळी तिचे डोळे फिरतात. आई मला म्हणते, "पळ, अण्णांना बोलव, गाडी जुंपायला सांग." मी पळत देवळात येते, खांबाला धरून उभी राहते, धाप लागलेली. तुम्ही मला बघता. तळहात वर करता. थांब. आणि वाचत राहता. किती ओव्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक, मला त्या वेळी मोजता येत होत्या तरी मोजल्या नाहीत. अध्याय संपला, पोथीला हात जोडलेत, मग उठलात. गाडी गेवराईच्या वाटेला लागली आणि अर्ध्या वाटेतून परत आली.

आई त्यानंतर अंथरुणाला खिळली. तिला ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं होतं. तिथं तुम्ही बघितलं, की ना ओळख ना पाळख, त्या बाया तिची उष्टी-खरकटी काढतात, तिला न्हाऊमाखू घालतात. परत आल्यावर तुम्ही जाहीर केलं की थोरलीला सिस्टर लोकांच्या शाळेत घालणार, औरंगाबादला, वसतिगृहात. भावकी म्हणाली पोरगी बाटणार. तुम्ही म्हणालात, "ज्या बाया परक्याचं गू-मूत काढत्यात, त्या माझ्या पोरीला वंगाळ शिकवत्याल व्हय?" विषय संपला.

मी बाटले नाही, पण वाह्यात झाले. सोळाव्या वर्षी उशीखाली ते पहिलं पुस्तक सापडलं. देव नाही असं सांगणारं, मराठीतलं. मुलीमुलींत फिरत होतं, पकडलं गेलं माझ्याकडे. सिस्टरनी तुम्हाला पत्र पाठवून बोलावून घेतलं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही आलात, धोतर, काळी टोपी, काखेत पिशवी, एसटीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. मी दाराशी उभी. आता मार खाणार असं धरून चालले होते. सिस्टर केरळच्या, त्यांना मराठी बोलता येत नव्हतं, आणि तुमचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूत झालेलं, म्हणून बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत झालं. ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

सिस्टर म्हणाल्या, "आपकी लड़की ऐसी किताब पढ़ती है।"

तुम्ही पुस्तक हातात घेतलंत, उलटंसुलटं करून पाहिलंत. "सिस्टर, आपने पढ़ी क्या ये?"

"नहीं। ऐसी किताब हम लोग नहीं पढ़ते।"

"मैंने बी नहीं पढ़ी। तो फिर अपन दोनों बात काहे की कर रहे?"

सिस्टर जरा चमकल्या. मग म्हणाल्या, की अशा वाचनानं विश्वास तुटतो. तुम्ही पुस्तक पिशवीत टाकलंत, अगदी आदबीनं म्हणालात, "मैं पढ़ के देखता। टूटा तो आपको खत लिखूँगा।" आणि मला, "चल बाई, गाडी चुकंल."

घरी दुसऱ्या दिवशीच वाचन सुरू झालं. तुम्हाला मराठी अक्षर पोथीनं शिकवलं होतं, शाळेनं नाही. त्यामुळे मराठी वाचायचं म्हणजे मोठ्यानं, पाटावर बसून, ओवीच्या चालीवर, दुसरी तऱ्हा तुमच्याजवळ नव्हतीच. सकाळी आंघोळ करून, गंध लावून तुम्ही बसलात आणि देव नाही असं सांगणारं ते पुस्तक ओवीच्या चालीत गायला लागलात! 'पुरावा' हा शब्द तुम्ही असा लांबवलात की मला वाटलं आता टाळ वाजणार. शेजारची काकू दारावरून जात होती, तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, मूठभर ज्वारी आणून पुस्तकापुढे ठेवली आणि बसली. जरा वेळानं विचारते, "कोणत्या देवाचा महिमा हाय वो?"

"कोणत्याच न्हाई," तुम्ही म्हणालात. "ऐका."

ती ऐकत बसली, हूं हूं करत. मी हसून हसून ओसरीवर लोळले. तुम्ही वाचन थांबवलंत, माझ्याकडे बघितलंत. "हसू नको, बाई. मला आसंच वाचता येतंय. आन् वाचायचं तर त्या माणसाचा मान ठिवून वाचावं. त्यानं बी कुठंतरी दिवा लावून लिव्हलं आसंल." तुम्ही मला आयुष्यात इतकंच रागावलात. कोर्टात मी ज्यांचे कागद भाषांतर केले त्यात चोर होते, लबाड होते, बायको जाळणारेही होते, पण प्रत्येकाचं म्हणणं नीट, त्याच्या शब्दाला शब्द लावून लिहिलं ते ह्या एका रागावण्यामुळे.

आई मात्र धुमसत होती. "देव्हाऱ्यासमोर बसून देवाला शिव्या वाचायल्यात," असं भांड्यांना सांगायची. तुम्ही रोज एक प्रकरण संपवायचात, मधे उठायचं नाही, पोथीचाच रिवाज. चौथ्या दिवशी ती जागा आली. लेखक विचारतो, लहान लेकरू तडफडून मरतं, त्याची आई देवाचं नाव घेत असते, तेव्हा देव कुठं असतो? तुम्ही ते चालीवरच वाचलंत, दुसरं काही येत नव्हतं. स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातानं दारात आली.

"ते परत वाचा," ती म्हणाली.

तुम्ही परत वाचलंत. ह्या वेळी चाल लागली नाही, शब्द एकेक करून पडले.

"हेच मी तुमाला तवा इचारलं होतं," आई म्हणाली. "तुमी म्हणलात, आसं बोलू न्हाई." आणि आत गेली.

रोज ऐकायला येणारी काकू खाली बघत बसली. मी ओसरीवर. आणि तुम्ही उठलात, अण्णा. पुस्तक उघडंच पाटावर ठेवून, प्रकरण अर्धं सोडून उठलात, जन्मात पहिल्यांदा. आत जाऊन चुलीपाशी बसलात. मी दाराआडून ऐकलं, ऐकायला नको होतं.

"त्या दिशी मी उठाया पायजे होतं," तुम्ही म्हणालात.

आईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "उठला आसता तरी पोर वाचली नसती." तव्यावरची भाकरी उलटली. "पर मला बरं वाटलं आसतं."

तुम्ही तिथंच बसून राहिलात. मग तीच म्हणाली, "सरका, भाकर करपायली."

हे मी आमच्या अध्यक्षांना सांगायला हवं होतं. साहेब म्हणतात, ज्याच्याजवळ श्रद्धेशिवाय आधार नाही त्याचं काय? प्रश्न खोटा नाही, तेवढा मान मी त्यांना देते. पण त्यांना वाटतं, पुस्तक घरात येतं आणि आपल्याबरोबर शंका घेऊन येतं. आमच्या घरात ती शंका सात वर्षं चुलीपाशी बसून होती, भाकरी थापत होती. पुस्तकानं फक्त ती मोठ्यानं म्हटली. आणि आईचा आधार गेला म्हणाल, तर त्या दिवसानंतर ती अंगणातल्या तुळशीला परत पाणी घालायला लागली. धाकटी गेल्यापासून तिनं ते सोडलं होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुस्तक सातव्या दिवशी संपलं. तुम्ही शेवटच्या पानाला हात जोडलेत, सवयीनं. मी सोळा वर्षांची, जिंकल्याच्या तोऱ्यात विचारलं, "मग? आता देव नाही ना?" तुम्ही टोपी झटकत म्हणालात, "त्याचं लई पटलं. समदं न्हाई पटलं. दोन सवालांला माझ्यापाशी जवाब न्हाई." आणि संध्याकाळी दिवा लावलात. मला ते तेव्हा भित्रेपणाचं वाटलं. कॉलेजात, कोर्टात पुढं पुष्कळ भेटले, देव न मानणारे, तोंडाळ, हुशार. त्यांच्यातल्या एकानं तुमची पोथी उघडली असेल तर शपथ. त्यांनाही न वाचताच सगळं माहीत होतं, आमच्या समितीसारखं. दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून, हलून, आणि तरी आपल्या जागी परत येऊन बसणारा माणूस मी त्यानंतर दुसरा पाहिला नाही.

सिस्टरना तुम्ही खरंच पत्र लिहिलंत, पोस्टकार्डावर, उर्दूत. त्यांना उर्दू वाचता येईना, म्हणून वसतिगृहाच्या खानसाम्याला बोलावलं. त्यानं हात पुसून वाचलं: किताब पूरी पढ़ी, टूटा नहीं, मगर दो सवाल हैं, आपको जवाब आता हो तो मेहरबानी करके लिखिए. पहिला सवाल लेकराचा होता. सिस्टर माझ्यासमोर किती तरी वेळ ते कार्ड हातात धरून उभ्या होत्या, वाचता येत नसलेलं. मग म्हणाल्या, "अपने फादर को बोलना, जवाब मेरे पास नहीं है। मैं भी पूछूँगी।" कुणाला विचारणार ते बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या क्रुसाकडे बघितलं फक्त.

पुढच्या श्रावणात देवळात बोंब झाली. गावच्या पाटलानं पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "आसलं वाचून पोथीला हात लावतो का बे?" इतक्या वर्षांचा तुमचा मान तिथंच जायचा होता. तुम्ही म्हणालात, "लावतो. तुमी बी वाचा, मंग दोघं मिळून लावू." पाटील हसले, माणसं हसली, पोथी तुमच्याकडेच राहिली. पण तुम्ही एक रिवाज मोडलात. वाचताना कुणी बोलवायला आलं, की पानावर तुळशीचं पान ठेवून उठायचात. एकदा कुणाची म्हैस विताना अडली म्हणून उठलात, तेव्हा अर्थ सांगणारे आजोबा कळवळले, "अध्याय मोडला की वो!" तुम्ही चपला घालत म्हणालात, "मोडला न्हाई, थांबलाय. देवाला थांबता येतंय, म्हशीला न्हाई." असे तुम्ही. तुमच्या जोरावर कुणीही कुठंही खोटं बोलावं, इतके मोठे.

आता माझं सांगते. सोमवारी मी ते पुस्तक वाचायला घेतलं. तीस पानं भराभर गेली, माणूस चांगलं लिहितो, मी पेन्सिल घेऊन बसले होते, रविवारी काय काय ऐकवायचं ते समासात लिहीत होते. अध्यक्षांचं तोंड कसं होईल ह्याचाही विचार झाला. मग एकतिसावं पान आलं. त्यात लेखक उपवासांबद्दल बोलतो. म्हणतो, ज्यांचं माणूस बरं झालं ते गुण आल्याचं सांगत फिरतात. ज्यांचं गेलं, त्यांनीही तेच उपवास केलेले असतात, पण त्यांना कोण विचारतं?

तुम्हाला माहीत नाही, अण्णा, तुमच्यामागे मी भाविक झाले. अकरा वर्षांपूर्वी हे हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी दत्ताचे गुरुवार धरले, आणि हे उठून बसले. अकरा वर्षं मी ही गोष्ट सांगतेय, भजनी मंडळात, लग्नात, भाजीवालीलासुद्धा. शेजारच्या खाटेवर तेलगावचे एक गृहस्थ होते. त्यांच्या बायकोनंही माझ्याबरोबरच गुरुवार धरले होते. आम्ही दोघी जिन्यात बसून एकाच डब्यातली भगर खायचो. तिचे मिस्टर मंगळवारी गेले. माझ्या गोष्टीत ती बाई मी कधी आणली नाही. विसरले नव्हते. आणली नाही.

एकतिसाव्या पानावर मी पुस्तक मिटलं. राग आला, आणि तो अध्यक्षांवर नव्हता, त्या लेखकावर होता. कोण हा मला विचारणारा? मग, तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण हे कुठं जाणार नाही, मला वाटलं, रविवारी जावं, चार शब्द वाईट बोलावेत, ठरावावर सही करून मोकळं व्हावं. चांगला अर्धा दिवस तसंच वाटत होतं. पेन्सिलीनं समासात लिहिलेलं खोडूनही टाकायला लागले होते.

सही करणार नाही. रविवारी आधी हे सांगणार आहे, की दोनदा वाचलंय म्हणाले ते खोटं. भजनी मंडळाच्या बाई चकित होतील, अध्यक्ष वर्षभर ते चघळतील, चघळू देत. पण त्याआधी राहिलेलं वाचायला हवं, आणि तिथंच अडलंय. आज गुरुवार आहे. सकाळी उठून मी उपवास धरलाय, नेहमीसारखा. पुस्तक कपाटात आहे, साड्यांच्या खाली. तीन दिवस झाले, मी ते काढलेलं नाही.